हवेचा रेडिएटर

नारायणगावच्या टोमॅटो बाजारातून भरून निघालेल्या पिकअपचा मालक दोन हिशेब तोंडपाठ सांगतो. वीस किलोच्या किती क्रेट चढल्या आणि टाकीत किती डिझेल टाकलं. त्या डिझेलबरोबर गाडीनं हवा किती खाल्ली, हे त्याला कुणी विचारत नाही आणि तोही कुणाला सांगत नाही. हवा फुकटची. पण एक लिटर डिझेल पूर्ण जळायला साधारण १२ किलो हवा लागते. जुन्नर-आंबेगावच्या सहाशे-सातशे मीटर उंचीवर, उन्हाळ्यातल्या ३५ अंशांना ही १२ किलो हवा म्हणजे साडेअकरा हजार लिटर. तीही कागदावरची, कमीत कमी. काळा धूर न काढता जाळायचं तर त्याच्या दीडपट तरी हवा आत जायला हवी. म्हणजे लिटरमागे एका छोट्या खोलीभर हवा.

ती कमी पडली की ड्रायव्हरच्या तोंडी ठरलेलं वाक्य येतं, "गाडी ओढत नाही." सपाटीला हे कळत नाही. आळेफाट्याहून पुणे-नाशिक रस्त्याला रिकामी गाडी झकास पळते. तीच गाडी माल भरून बेल्ह्याच्या पुढे आणे घाटाला लागली, टोकावड्याकडून खतं घेऊन माळशेज चढू लागली, किंवा श्रावणात माणसं भरून डिंभ्याच्या पुढे पोखरी घाटात शिरली, की दुसऱ्या गिअरच्या वर टाकू देत नाही. मागे काळा धूर, पुढे चेक लाइट. इंजिनाचं पाणी तापलेलं नाही, काटा मधोमध आहे. ड्रायव्हर बुचकळ्यात पडतो. पाणी गार आहे आणि गाडी मात्र दमली आहे, हे कसं? उत्तर असं की पाणी तापलेलं नाही, हवा तापली आहे. तिचा काटा डॅशबोर्डवर नसतो.

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. सिलिंडरमधली हवा दाबून इतकी तापवायची की त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटावं, ही रुडॉल्फ डिझेलची मूळ कल्पना. १८९७ साली त्याचं इंजिन जर्मनीत नीट चालून दाखवलं गेलं. या गोष्टीमुळे अनेकांचा एक गोड गैरसमज होतो, की आत हवा तापवायचीच असेल तर बाहेरून गरम आलेली काय वाईट? वाईट हे की गरम हवा फुगते. सिलिंडरची जागा तेवढीच राहते, त्यात मावणारी हवा घटते. दाब तोच असेल तर दर दहा अंशांमागे साधारण तीन टक्के हवा कमी. तीन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. चाळीस अंश जास्त झाले की बारा टक्के गेले, आणि घाटात बारा टक्के म्हणजे एक गिअर.

याच दुखण्यावर टर्बोचार्जर हा एक उपाय. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरनं १९०५ साली त्याचं पेटंट घेतलं. धुराड्यातून वाया जाणाऱ्या गरम वायूनं एक चक्र फिरवायचं, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबणार. चढाला येणारी ती बारीक शिट्टी या चक्राची. उपाय नामी, पण त्याच्या पोटात नवं दुखणं आहे. हवा दाबली की तापतेच. ३५ अंशांची हवा दुप्पट दाबानं कोंबायची म्हटलं, तर टर्बोतून बाहेर पडताना ती १३० अंशांच्या आसपास असते. या वाढीतले साधारण ६५ अंश निसर्गनियमाचे, ते टाळता येत नाहीत. बाकीचे तीस टर्बोच्या स्वतःच्या उणिवेचे. एवढी तापलेली हवा तशीच आत सोडली तर टर्बोनं कमावलं त्यातलं बरंचसं परत गेलं.

म्हणून टर्बो आणि इंजिन यांच्यामध्ये इंटरकूलर बसला. याच्याकडे पाहून कुणी थांबावं असं त्याच्यात काही नाही. अॅल्युमिनिअमच्या चपट्या नळ्यांची चौकट, नळ्यांच्या मधे कागदासारख्या पातळ पत्र्याच्या घड्या, दोन बाजूंना दोन टाक्या. रेडिएटरसारखाच दिसतो, फक्त आतून पाण्याऐवजी हवा वाहते. एका तोंडानं १३० अंशांची आत जाते, दुसऱ्यानं पंचावन्न-साठ अंशांची बाहेर पडते. मधला फरक समोरून येणारा वारा घेऊन जातो. या सबंध यंत्रात फिरणारा एकही भाग नाही. आवाज नाही, बेल्ट नाही, तेल बदलायचं नाही. माझं मत विचाराल तर याच गुणानं त्याचा घात केला. ज्याची सर्व्हिस लिहून ठेवलेली नसते त्याच्याकडे आपल्याकडे कुणी बघत नाही.

टाटांची ४०७ गाडी १९८६ साली आली, तेव्हा तिच्या इंजिनाचं नाव होतं ४९७, म्हणजे ९७ मिलिमीटर व्यासाचे चार सिलिंडर. टर्बो नाही, इंटरकूलर नाही, बाहेर असेल तशी हवा ओढायची. पुढे धुराचे नियम कडक होत गेले तशी इंजिनांच्या नावांमागे टीसीआयसी ही अक्षरं लागली, टर्बो आणि इंटरकूलर दोन्ही असल्याची खूण. एप्रिल २०१७ मध्ये बीएस-४ देशभर लागू झालं, एप्रिल २०२० मध्ये बीएस-६. आज बाजाराच्या आवारात उभ्या असलेल्या नव्या डिझेल पिकअपपैकी इंटरकूलर नसलेली सहसा सापडायची नाही.

त्याआधी जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत डिझेल इंजिन म्हणजे विहिरीवरचं इंजिन. पुण्यात १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली, आणि एका सिलिंडरचं ते काळं-हिरवं धूड मोटेची जागा घेत मळ्यामळ्यांत पोचलं. हवा ऑइल बाथमधून गाळून घ्यायची आणि ठोके देत राहायचं, एवढाच त्याचा संसार. त्याला इंटरकूलरचं दुखणं ठाऊक नव्हतं. पण पावसापासून जपायला म्हणून त्याला चहूबाजूंनी पत्रे ठोकून कोंडलं, की तेही दुपारी पाणी कमी फेकायचं. जाणती माणसं एका अंगाचा पत्रा काढून ठेवत. का काढतात हे त्यांना समजावून सांगता आलं नसतं, पण काढत.

आताच्या गाडीत ही जाण संगणकाकडे आली आहे. इंजिनात शिरणाऱ्या हवेच्या वाटेवर एक छोटा सेन्सर असतो, बऱ्याच गाड्यांत तो दाब आणि तापमान दोन्ही मोजतो. हवा ठरावीक मर्यादेपलीकडे तापली की संगणक डिझेल कमी करतो. ड्रायव्हर पॅडल तळाला टेकवतो आणि आत डिझेल अर्धंमुर्धं जातं. ड्रायव्हरला तो गाडीचा आडमुठेपणा वाटतो. खरं तर तशा हवेत पूर्ण डिझेल ओतलं असतं तर धुराड्याकडच्या वायूचं तापमान चढलं असतं, आणि टर्बो, व्हॉल्व्ह, पिस्टन यांपैकी कुणीतरी बळी गेलं असतं. जुन्या, संगणक नसलेल्या टर्बो गाड्यांत ते जायचंच.

आळेफाट्याच्या चौकातून चार दिशांना रस्ते फुटतात. कल्याण, नगर, नाशिक, पुणे. त्या रस्त्यांवरच्या गॅरेजांत या तक्रारीवरचा संवाद थोड्याफार फरकानं असाच असतो. ड्रायव्हर म्हणतो, "मिस्त्री, गाडी घाटात दम टाकतीय. टर्बो गेला वाटतं." मिस्त्री बॉनेट उघडतसुद्धा नाही. "टर्बो जायचा तेव्हा जाईल. आधी ती जाळी काढ."

जाळी म्हणजे समोरच्या ग्रिलवर बाहेरून लावलेली बारीक लोखंडी किंवा नायलॉनची जाळी. माळशेजच्या रस्त्यावर पुढच्या डंपरच्या चाकाखालून उडालेला खडा इंटरकूलरला भोक पाडू शकतो, हे खरं, त्यासाठी ती लावलेली असते. त्या जाळीवर मग रात्रीचे किडे, मग धूळ, मग पावसाळ्यात चिखलाचे शिंतोडे बसतात. काहींनी तिच्यापुढे देवाच्या नावाची पाटी, दोन जादा दिवे आणि मधोमध लिंबू-मिरची लावलेली असते. नजर लागू नये म्हणून केलेल्या या बंदोबस्तात वाऱ्यालाच शिरायला जागा उरत नाही.

जाळी काढून समोरून पाहिलं तर बहुतेक वेळा सगळं स्वच्छ दिसतं, आणि इथंच नवखा मिस्त्री फसतो. पुढे एसीचा कंडेन्सर, मागे इंटरकूलर, त्याच्या मागे रेडिएटर अशी ही चळत असते. वारा पहिल्यातून पार होतो, सोबतचा कचरा मधल्या फटीत अडकतो. त्या फटीत काय सापडेल हे गाडी कुठे राबते यावर ठरतं. ओतूर-आळेफाट्याच्या कांदा बाजारात जाणाऱ्या गाडीत कांद्याची टरफलं निघतात, एकावर एक बसलेली, दमटून चिकटलेली, पुन्हा वाळलेली. सातगाव पठारावरून बटाटा आणणाऱ्या गाडीत बारीक मातीचा लेप असतो. विघ्नहर किंवा भीमाशंकर कारखान्याचा ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये पाचटाचा भुसा आणि उसाच्या तुऱ्याची लव. ही लव वाईट. ती घड्यांच्या आत खोल शिरते, तिच्यावर इंजिनाच्या तेलाची वाफ बसली की तिचा नमदा होतो, मग हवेचा झोत मारला तरी हलत नाही. ऊसतोडणी यंत्रांना तर याच कारणासाठी रेडिएटरपुढे फिरत्या जाळ्या दिलेल्या असतात.

हे धुण्याचीही एक रीत आहे. सर्व्हिसिंग सेंटरच्या जोरदार पाण्याच्या नळीनं समोरून मारा केला, की पातळ पत्र्याच्या घड्या आडव्या पडतात आणि कचरा अजून आत जातो. गाडी धुतल्यावर आणखीनच ओढेनाशी झाली, अशी तक्रार येते ती यातून. अनुभवी माणूस चळतीचे बोल्ट सोडून इंटरकूलर आणि रेडिएटर एकमेकांपासून वेगळे करतो आणि इंजिनाच्या बाजूनं पुढच्या दिशेला, कमी दाबानं पाणी सोडतो. कचरा ज्या वाटेनं आला त्याच वाटेनं परत. पडलेल्या घड्या बारीक कंगव्यानं उभ्या करतो. हे काम पार दुपार खातं आणि त्याचं बिल लावायला मिस्त्रीला कसंतरीच वाटतं, कारण पार्ट एकही बदललेला नसतो. नवा सेन्सर लावून पैसे मागणं त्याहून सोपं. कित्येक गाड्यांचे चांगले सेन्सर याच सोयीपायी बदलले जातात.

बाहेरून सगळं साफ आहे आणि तरी हवा गरम, मग होज पाइपांकडे वळायचं. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तिथून इंजिनापर्यंत रबरी पाइप आणि क्लिपा असतात. एखादी क्लिप ढिली झाली किंवा पाइप खालच्या अंगानं चिरला, की दाबलेली हवा बाहेर फुसफुसते. वरवर पाहता यानं हवा कमी व्हावी, तापू कशाला? पण इंजिनाला ठरलेला दाब पोचवायचाच म्हणून टर्बो जास्त वेगानं फिरतो, गळणारी हवासुद्धा दाबत बसतो, आणि त्या जास्तीच्या दाबानं बाहेर पडणारी हवा दीडशेच्या पुढे जाते. इंटरकूलर बिचारा तेवढाच. पाइपाच्या जोडाभोवती तेलकट काळी धूळ जमलेली दिसली तर चीर तिथेच शोधायची. खात्री करायची तर इंटरकूलर उतरवून एक तोंड बंद करायचं, दुसऱ्याला व्हॉल्व्ह लावून वीस-पंचवीस पौंड हवा भरायची आणि टाकीत बुडवायचा. पंक्चर काढणाऱ्याकडे हे दहा मिनिटांत होतं. बुडबुडे निघाले की शंका मिटली.

आतली बाजूही बघायला हवी. टर्बोचं सील गेलं किंवा इंजिनाची वाफ जास्त झाली, की तेल इंटरकूलरच्या आत नळ्यांच्या भिंतींवर बसतं. तेलाचा थर उष्णता अडवतो. थोडा ओलसरपणा असतोच, त्यानं घाबरायचं कारण नाही. उलटा केल्यावर धार लागली तर मात्र टर्बोकडे बघायचं. आतून रॉकेल किंवा डिझेलनं खळखळून धुतात. पण एक सावधगिरी फार महत्त्वाची. धुऊन पूर्ण वाळल्याशिवाय तो पुन्हा बसवायचा नाही. आत उरलेलं डिझेल किंवा तेल इंजिन हवेबरोबर ओढून घेतं आणि त्याच्यावरच पळू लागतं. चावी बंद केली तरी थांबत नाही, वेग वाढतच जातो. त्या वेळी हवेचं तोंड दाबून बंद करणं हाच भरवशाचा उपाय असतो, आणि तेवढं प्रसंगावधान दर वेळी कुणाला राहतं असं नाही.

एअर फिल्टर तुंबला असेल तरी टर्बोला ओढूनताणून हवा घ्यावी लागते, आणि ती ताणातली हवा दाबताना जास्त तापते. फिल्टर बदलताना ग्रिलजवळून बाहेरची हवा आणणारा प्लॅस्टिकचा पाइप परत बसवायचा राहिला, तर इंजिन बॉनेटखालची तापलेली हवा पिऊ लागतं. सत्तर अंशांची हवा घेऊन टर्बो काय चमत्कार करणार? काही गाड्यांत इंटरकूलर इंजिनाच्या डोक्यावर आडवा असतो आणि बॉनेटवरच्या नाकाडातून त्याला वारा मिळतो. त्या नाकाडाखालची फोमची पट्टी झिजून पडली की वारा बाजूनं निसटतो. खेड घाटात वाहतूक तुंबून गाडी अर्धा तास उभी राहिली, तर असा इंटरकूलर खालून इंजिनाच्या उष्णतेनं शेकून निघतो. रेडिएटरच्या फॅनभोवतीचं प्लॅस्टिकचं कडं फुटलेलं असलं, तर फॅन तीच ती गरम हवा गोल फिरवत बसतो. चढाला वेग कमी, समोरचा वारा कमी. तेव्हा सगळी भिस्त फॅनवर असते.

ईजीआर हे या कारणांतलं सर्वांत शिव्या खाणारं. प्रदूषण कमी व्हावं म्हणून धुराड्याकडचा थोडा वायू थंड करून पुन्हा इंजिनात सोडतात. त्याचा व्हॉल्व्ह काजळीनं उघडाच अडकला, की इंटरकूलरनं मेहनतीनं गार केलेल्या हवेत गरम धूर मिसळतो. काही ड्रायव्हर त्यावर पत्रा मारून तो बंदच करून टाकतात. ते बेकायदा तर आहेच, शिवाय बीएस-६ गाडीचा संगणक ते पकडतो आणि चेक लाइट लावून वेगळाच घोळ घालतो. काढून साफ करणं हाच शहाणपणा.

सेन्सरचा नंबर सगळ्यांत शेवटी, आणि त्याची परीक्षा सगळ्यांत सोपी. गाडी रात्रभर उभी ठेवायची. सकाळी इंजिन सुरू न करता फक्त चावी फिरवून स्कॅनर लावायचा. इंजिनाचं पाणी, आत जाणारी हवा आणि बाहेरचं हवामान हे तिन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवेत. जानेवारीत पहाटे बाहेर १२ अंश, पाणी १३ आणि हवेचा सेन्सर ४० सांगतोय, तर तो खोटं बोलतोय. उणे ४० वर आकडा थिजला असेल तर वायर तुटली आहे, १३० च्या पुढे अडकला असेल तर शॉर्ट झाली आहे. मल्टिमीटर असेल तर आणखी बरं. असे सेन्सर साधारणपणे २० अंशांना अडीच हजार ओहमच्या आसपास आणि ८० ला तीनशेच्या आसपास दाखवतात. तापमान वाढेल तसा आकडा उतरत गेला पाहिजे. एवढं तपासायला सकाळचा चहा होईपर्यंतचा वेळ पुरतो.

हे दुखणं गाडीपुरतं नाही. तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांच्या नारायणगावात गुढीपाडव्याच्या सुमाराला तमाशाच्या फडमालकांच्या राहुट्या लागतात, गावोगावच्या यात्रांच्या सुपाऱ्या ठरतात आणि फड ट्रकांबरोबर जनरेटर घेऊन निघतो. उघड्या मैदानात, रात्रीच्या गारव्यात चालणाऱ्या त्या जनरेटरला हवेची चिंता नसते. चिंता असते ती शीतगृहांच्या आणि पोल्ट्रींच्या जनरेटरला, कारण तो चोरीच्या भीतीनं पत्र्याच्या खोलीत कोंडलेला असतो. रेडिएटरचा फॅन गरम हवा पुढे फेकतो, समोर भिंत असते, ती हवा खोलीतच घुटमळते आणि इंजिन तीच ओढून घेतं. अर्ध्या तासानं खोलीत पाय ठेववत नाही आणि लोड घेतला की इंजिन बसतं. तिथे ना टर्बो बदलून भागतं ना सेन्सर. रेडिएटरपुढच्या भिंतीला त्याच्या तोंडापेक्षा मोठी खिडकी पाडायची, मधे पत्र्याचा बोगदा करून गरम हवा थेट बाहेर काढायची, आणि मागच्या बाजूनं गार हवेला वाट ठेवायची. हे गवंड्याचं काम आहे, पण बोलावणं मात्र मिस्त्रीला जातं.

पिकअपचं काम झाल्यावर चाचणी गॅरेजच्या दारात घेऊन उपयोग नाही. माल भरून आणे घाट चढायचा आणि शेजारी बसलेल्यानं स्कॅनरवर नजर ठेवायची. बाहेरच्या हवेपेक्षा आतली वीस-पंचवीस अंश जास्त राहिली तर काम जमलं. चाळीसच्या वर गेली तर परत फिरून होज पाइप बघायचे. हातात लेझरचा थर्मामीटर असेल तर गाडी उभी करून लगेच इंटरकूलरच्या आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाइपांवर एकेकदा धरावा. दोन्हीकडे आकडा सारखाच येत असेल, तर इंटरकूलर नुसता शोभेला बसवला आहे असं समजावं.

एवढं सगळं होऊन गाडी मालकाच्या ताब्यात जाते, तेव्हा प्रश्न उरतो त्या काढून ठेवलेल्या जाळीचा. मिस्त्री म्हणतो, लावायचीच असेल तर मोठ्या भोकांची लाव आणि दर आठवड्याला झटकत जा. ड्रायव्हर म्हणतो, माळशेजला खडा लागून इंटरकूलर फुटला तर पैसे कोण भरणार? मालक दोघांचंही ऐकून घेतो आणि जाळी परत लावायला सांगतो, कारण ती आधीच विकत घेतलेली आहे.